कागदाचा शेजार मोडू नका : खानदेशातल्या प्रशासकीय संघटनेचं जुनं दप्तर कसं लावावं

रुमालाची, म्हणजे जुने कागद बांधून ठेवलेल्या कापडाची, गाठ सुटेना म्हणून मदतीला आलेला मुलगा कात्री आणायला निघाला, तेव्हा मी त्याला थांबवलं. गाठीत पुठ्ठ्याचा तुकडा खोचलेला होता आणि त्यावर टाकाच्या अक्षरात एवढंच होतं : ‘अक्राणी-अक्कलकुवा, प्रवास व अर्ज’. अर्धा तास खपून गाठ सोडवली. वर एसटीची तिकिटं टाचलेलं एक प्रवासबिल. त्याखाली हिशेबाच्या वहीतून फाडलेली दोन पानं आणि त्यांवर शिसपेन्सिलीची टिपणं : कुणाचं छप्पर गळतं, कुणाला दप्तर ठेवायला कपाट नाही, पावसाळ्यात कुठली वाट बंद होते. सगळ्यात खाली निवेदनाची कार्बन प्रत. सातपुड्यातल्या गावांत नेमलेल्या कर्मचाऱ्यांना राहायला जागा द्यावी, अशी मागणी.

हे कागद सुटे केले तर हाती काय उरतं? एक फुटकळ बिल, दोन फाटकी पानं आणि शेकड्यांतलं एक निवेदन. एका दोऱ्यात असले की कळतं, संघटनेचा कार्यवाह आधी डोंगरात जाऊन आला, डोळ्यांनी बघितलं आणि मग लिहायला बसला. निवेदनाची मूळ प्रत सरकारी कचेरीत असलीच, तर तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का असेल. तो प्रवास फक्त या रुमालात आहे.

नोकरीची 35 वर्षं मी कागदांतच काढली. निवृत्तीनंतर दोन संघटनांची जुनी दप्तरं लावायला मदत केली. तलाठी, ग्रामसेवक, लेखा कर्मचारी, राजपत्रित अधिकारी अशा प्रशासन चालवणाऱ्यांच्या संघटना, त्यांच्या जिल्हा-तालुका शाखा आणि लोकप्रशासनाची अभ्यासमंडळं धुळे, जळगाव, नंदुरबारात पुष्कळ आहेत. त्यांचं दप्तर बहुधा माजी कार्यवाहांच्या माळ्यावर असतं. घर पाडायला काढलं की ते रद्दीत जातं. तुमच्या ओळखीत असं दप्तर असेल, तर पुढचं तुमच्यासाठी.

आधी मालकी, मग हात

संघटना कुठल्या कायद्याखाली नोंदलेली आहे ते पाहा. 1860 चा सोसायटी नोंदणी कायदा, 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा किंवा 1926 चा ट्रेड युनियन कायदा, यांपैकी एखाद्याचा नोंदणी क्रमांक जुन्या लेटरहेडवर सापडतो. नोंदणीचा दाखला आणि घटना हे दोन कागद हाती आले की दप्तरावर कार्यकारिणीचा हक्क आहे की आणखी कुणाचा, हे ठरतं. कार्यकारिणीचा ठराव घ्या : दप्तर लावण्याचं काम अमुक तिघांकडे, कुठल्या खोलीत, केव्हापर्यंत. माजी कार्यवाहांच्या घरून कागद आणताना साधा पंचनामा करा. किती रुमाल, किती पेट्या, कुणी दिलं, कुणी घेतलं, दोघांच्या सह्या. घरच्यांना एक प्रत द्या. वडिलांचं सामान कुणीतरी उचलून नेलं, अशी रुखरुख त्यांच्या मनात राहू नये.

या दप्तरांत कधीकधी सरकारी नस्त्याही निघतात. कार्यवाह कचेरीतच काम करणारे, त्यामुळे एखादी मूळ फाइल घरी आली आणि राहिली. अशी फाइल संघटनेची होत नाही. 2005 चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा तिला लागू होतो. ती वेगळ्या पाकिटात ठेवा, कुठल्या रुमालात कुठल्या कागदांमध्ये होती ते लिहा आणि संबंधित कचेरीला पत्र देऊन पोच घेऊन परत करा.

हंगाम निवडा

दिवाळी ते होळी हा आपल्याकडचा खरा हंगाम. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो, हवा कोरडीठाक होते आणि जुना कागद घडीवर पापडासारखा तुटतो. श्रावण-भाद्रपदात उलटं. कागद ओल धरतो, पानं चिकटतात आणि उघडलेल्या रुमालात बुरशी शिरते. मुहूर्त काढून उन्हाळी सुट्टीत काम उरकण्याचा मोह होतो, कारण तेव्हा मुलं मदतीला असतात. त्यांना डिसेंबरात बोलवा.

पहिले दोन दिवस काहीही सोडायचं नाही

माळ्यावर दप्तर जसं आहे तसे मोबाइलवर फोटो घ्या. कुठली पेटी कुठल्या पेटीवर होती, कुठला रुमाल कोपऱ्यात होता, सगळं. मग प्रत्येक रुमालाला, पेटीला, सुट्या रजिस्टराला तात्पुरता क्रमांक द्या. चिठ्ठी दोऱ्याने बांधा, कागदाला डिंक लावू नका. जमिनीवर जुनं धोतर किंवा चादर अंथरा. पंखा बंद ठेवा.

धुळीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खानदेशातल्या माळ्यावरची धूळ म्हणजे काळ्या मातीची धूळ. ओल्या फडक्याने पुसली की तिचा चिखल होतो, तो कागदाच्या धाग्यात बसतो आणि पुन्हा निघत नाही. दोन इंची मऊ ब्रश घ्या, पानाच्या मधून कडेकडे हलक्या हाताने झाडा. नाकावर मास्क हवाच. पांढरट, हिरवट किंवा काळसर बुरशी दिसली तर तो गठ्ठा घराबाहेर सावलीत नेऊन वेगळा ठेवा आणि वारा लागू द्या. उन्हात टाकू नका. उन्हाने शाई उडते आणि कागद वाकतो. बुरशी पूर्ण सुकल्यावरच झाडायची, नाहीतर ती फासली जाते.

टाचण्या गंजलेल्या असतील. ओढून काढली तर कागदाला भोक मोठं पडतं. टाचणीच्या दोन्ही बाजूंना जाड कागदाचा तुकडा सरकवा, मग बोटांनी हळू सोडवा. तिच्या जागी सुती दोरा ओवा किंवा ते कागद दुमडलेल्या पांढऱ्या कागदात एकत्र ठेवा. टाचणी गेली म्हणून तिने बांधलेली पानं सुटी होता कामा नयेत.

सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते, चिकट तेल कागदात उतरतं आणि अक्षर त्याच्याखाली जातं. लॅमिनेशन तर अजिबात नको. ते परत उलगडता येत नाही. फाटलेला कागद दुरुस्त करायची घाई कशाला? पाकिटात सपाट ठेवला की तो आणखी फाटत नाही. दुरुस्ती जाणकाराकडून पुढे कधीही होते. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेल्या पानांना मात्र ओलसर बोटही लावू नका. ओल लागली की तो रंग फुटतो आणि ओळ वाहून जाते.

क्रम : इथेच बहुतेकांची चूक होते

माझीही झाली. पहिल्या दप्तराचा पहिला रुमाल मी सोडला आणि 35 वर्षांच्या सवयीने सगळे कागद तारखेप्रमाणे लावले. पावत्या एकीकडे, अर्ज एकीकडे, पत्रं एकीकडे. दोन दिवसांत गठ्ठे देखणे झाले. तिसऱ्या दिवशी एका पावतीच्या पाठीवर वाचलं, ‘वरील सभेचा खर्च’. वरील म्हणजे कुठली सभा, हे सांगणारा कागद तिच्या डोक्यावर होता आणि तो मीच उचलून दुसरीकडे नेला होता. सोडण्याआधीचा फोटो नव्हता. त्या रुमालातले संबंध मला आजही जुळवता आलेले नाहीत, आणि ते मला लागून राहिलं आहे.

म्हणून नियम एकच : कागद ज्या क्रमाने सापडला त्याच क्रमात राहील. तुम्हाला विषयवार, वर्षवार लावायचं असेल तर ते यादीत लावा, रुमालात नको. यादी कितीदाही बदलता येते.

दुसरं, एका संघटनेचे कागद दुसरीत मिसळू नका. एकच माणूस तलाठी संघटनेचा कार्यवाह आणि पतपेढीचा संचालक असू शकतो. त्याच्या घरून आलेल्या दोन्हींच्या कागदांना वेगळे क्रमांक द्या, पण ते एका पेटीत होते ही नोंद ठेवा.

कचेरीच्या सवयीबद्दलही सांगायला हवं. आपण सगळे सहा गठ्ठे पद्धतीत, म्हणजे कचेरीचे कागद सहा गठ्ठ्यांत लावण्यात, आणि किती काळ ठेवायचे त्यानुसारच्या अ, ब, क, ड वर्गवारीत मुरलेले. अ कायमचा, ब 30 वर्षांचा, ड एका वर्षात नष्ट करायचा. चालू कचेरीसाठी ही पद्धत उत्तमच. पण ती संघटनेच्या जुन्या दप्तराला लावली तर एसटीची तिकिटं पहिल्या वर्षीच ‘ड’मध्ये जातात. अक्राणीच्या रुमालातून ती गेली असती, तर त्या प्रवासाचा पुरावा गेला असता.

यादीसाठी शाळेची लांब वही पुरे. रकाने असे पाडा : रुमाल क्रमांक, वरच्या चिठ्ठीवरची अक्षरं जशीच्या तशी, आत काय, पहिली आणि शेवटची तारीख, अंदाजे पानं, अवस्था, शेरा. पानं मोजत बसू नका. साध्या कागदाच्या शंभर पानांची जाडी साधारण एक सेंटिमीटर भरते, तेव्हा पट्टी लावून अंदाज करा. नोंद अशी दिसेल :

रुमाल 7. ‘अक्राणी-अक्कलकुवा, प्रवास व अर्ज’. प्रवासबिल व तिकिटं, टिपणांची 2 पानं, निवेदनाची कार्बन प्रत. तिन्ही एका दोऱ्यात. टाचणीचा गंज, उजवा कोपरा कुरतडलेला. शेरा : टिपणांतलं अक्षर आणि चिठ्ठीवरचं अक्षर एकच.

‘संकीर्ण’ असा शब्द चिठ्ठीवर असेल तरच लिहा, तुमच्या मनाने लिहू नका. आत काय आहे ते दोन शब्दांत सांगता येतंच.

तारीख नसलेला कागद

या कामात मला सर्वांत रस वाटतो तो इथे. सायक्लोस्टाइल, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढलेल्या, पत्रकांवर तारीख बहुधा नसते, कारण काढणाऱ्याला ती ठाऊक होती आणि वाचणाऱ्यालाही. पण कागद स्वतःच बोलतो.

लेटरहेड आधी बघा. जुना खानदेश जिल्हा 1906 मध्ये पूर्व आणि पश्चिम असा दुभागला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर, 1960 मध्ये, पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा आणि पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला. तेव्हा ‘पश्चिम खानदेश’ छापलेलं असेल तर छपाई त्या बदलाआधीची. लिहिणं मात्र नंतरचंही असू शकतं, कारण काटकसरी कार्यवाह जुने लेटरहेड संपेपर्यंत वापरत. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 चा, म्हणून ‘जिल्हा नंदुरबार’ त्याआधी येणार नाही. पत्त्यात पिन कोड असेल तर कागद 15 ऑगस्ट 1972 नंतरचा.

मग हिशेब. रुपये, आणे, पै असं मांडलेलं असेल तर 1957 च्या आसपासचं किंवा त्याआधीचं, कारण दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासून आली. नव्या पैशांचा उल्लेख ‘न. पै.’ असा असेल तर त्यानंतरच्या थोड्या वर्षांतलं.

शुद्धलेखनही मदत करतं. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘धुळें’, ‘जळगांव’ असे अनुस्वार सर्रास असतील तर 1962 च्या लेखननियमांपूर्वीची सवय. जुन्या पिढीच्या हाताला ती पुढेही राहिली, तेव्हा यावरून फक्त लिहिणाऱ्याचं वय सांगावं, वर्ष नको.

पदनामं तर पंचांगासारखी आहेत. कुलकर्णी वतन 1951 मध्ये गेलं आणि पगारी तलाठ्यांची व्यवस्था सर्वदूर झाली. जिल्हा परिषदा 1 मे 1962 ला सुरू झाल्या, म्हणून ‘जिल्हा लोकल बोर्ड’ म्हणणारा कागद आधीचा, ‘गटविकास अधिकारी, पंचायत समिती’ यांना उद्देशून लिहिलेला नंतरचा. रोजगार हमीच्या हजेरीपटांविषयी तक्रार असेल तर 1972 च्या दुष्काळापासून पुढचा. राज्य कर्मचाऱ्यांचा 54 दिवसांचा संप 1977-78 चा. त्या काळातली पत्रकं बारीक टाइपात, दोन्ही बाजूंनी छापलेली मिळतात. संप लांबला तसा कागद पुरवून वापरला गेला असावा, असं मला वाटतं.

काढलेलं वर्ष यादीत चौकटी कंसात लिहा आणि कशावरून काढलं ते शेऱ्यात. कागदावर काहीही लिहायचं नाही. क्रमांक टाकणं भागच पडलं तर मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात.

याच नियमाने फोटो. पाठीवर बॉलपेन दाबलं की समोर उठतं. अधिवेशनाचे गटफोटो निवृत्त मंडळींकडे घेऊन जा आणि घाई करू नका. एका आजोबांनी भिंग लावून तिसऱ्या रांगेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हाऊ मी शे!” मग शेजारच्या सगळ्यांची नावं, गावं, कोण कुणाचा व्याही, सगळं आलं. त्यांच्या परवानगीने मोबाइलवर बोलणं टिपून घेतलं. अहिराणीत सांगितलेलं अहिराणीतच लिहून ठेवा. पुढे वाचणारा खानदेशीच असेल.

काय नाही ठेवायचं

फार थोडं. एकाच पत्रकाच्या चाळीस कोऱ्या प्रती असतील तर दोन ठेवा, पण ज्यांवर कुणी काही लिहिलंय त्या सगळ्या ठेवा. छापील नियतकालिकांचा प्रश्न वेगळा. दिल्लीची भारतीय लोकप्रशासन संस्था 1954 ची. पॉल ॲपलबी यांच्या 1953 च्या अहवालातल्या शिफारशीतून ती निघाली, पंडित नेहरू पहिले अध्यक्ष, आणि 1955 पासून तिचं नियतकालिक चालू आहे. अशा मासिकांचे अंक मोठ्या ग्रंथालयांत मिळतात, म्हणून जागा कमी असेल तर यादीत अंक क्रमांक नोंदवून ते ग्रंथालयाला द्यावेत. देण्याआधी प्रत्येक अंक उलटून पाहा. मला एका अंकाच्या समासात तालुक्याच्या कामाविषयी लिहिलेलं टिपण मिळालं. लेख विकेंद्रीकरणावर होता आणि वाचणाऱ्याने शेजारी आपल्या पंचायत समितीचा अनुभव मांडला होता. तो अंक आता दप्तराचा भाग आहे.

इतिवृत्तं, सभासद नोंदवह्या, आवक-जावक, किर्द-खतावणी, निवडणुकीचे कागद, निवेदनं आणि त्यांची उत्तरं यांतलं एकही पान काढू नका. कोरी पानंही राहू द्या. इतिवृत्तात मध्ये सहा महिने कोरं असेल, तर त्या सहा महिन्यांत सभा का झाली नाही हा प्रश्न तिथूनच सुचतो.

जागा, कपाट, वाळवी

धाब्याच्या घराचा माळा पावसात गळतो आणि जमिनीवरच्या पेटीला वाळवी लागते. मधली जागा शोधा : आतली खोली, बाहेरच्या भिंतीला न टेकलेली, वरून पाण्याची टाकी किंवा नळ नसलेली. लोखंडी मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, खालचा खण जमिनीपासून वीतभर वर. मागची भिंत दिसायला हवी, कारण वाळवीची मातीची नळी तिथूनच चढते. महिन्याला एकदा बॅटरी मारून बघा. लाकडी फडताळ दिसायला चांगलं, पण वाळवीला तेच आवडतं.

रुमालासाठी जाडं सुती कापड, दोनदा धुऊन खळ काढलेलं. खळीला कसर लागते. डांबरगोळ्या मी वापरत नाही. त्यांची वाफ बंद खोलीत काम करणाऱ्याच्या छातीत जाते. वाळवलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड मलमलीच्या पुरचुंडीत बांधून खणाच्या कोपऱ्यात ठेवा, कागदाला टेकू देऊ नका, दरवर्षी बदला. त्याने कीड मरते असं मी म्हणणार नाही. पुरचुंडी बदलायच्या निमित्ताने माणूस वर्षातून एकदा प्रत्येक खण उघडतो, आणि खरं रक्षण त्यानेच होतं.

फॅक्सचा गुळगुळीत कागद सापडला तर आधी त्याची झेरॉक्स काढा. ती अक्षरं उडत असतात, थांबायला वेळ नाही.

स्कॅनिंग

यादी पूर्ण होईपर्यंत स्कॅनरला हात लावू नका. यादीशिवाय काढलेले दोन हजार फोटो म्हणजे दुसरा माळा. सुरुवात इतिवृत्तांपासून, 300 डीपीआय, रंगीत, कोरी पानं आणि पाठीही. जाड रजिस्टर स्कॅनरवर दाबलं की शिवण तुटते, त्यासाठी खिडकीच्या उजेडात वरून मोबाइल बरा. फाइलचं नाव रुमाल क्रमांकाने सुरू करा. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी.

उघडं आणि बंद

शिस्तभंगाची प्रकरणं, आजारपणाच्या रजा, जातीचे दाखले, घरगुती अडचणी सांगून बदली मागणारे अर्ज, हे सगळं या दप्तरात असतं. संघटनेवर विश्वास टाकून माणसांनी ते लिहिलं. असे कागद क्रमातून काढू नका, त्याच जागी बंद पाकिटात ठेवा आणि वर ‘अमुक सालापर्यंत बंद’ असं लिहा. ती मुदत कार्यकारिणीच्या ठरावाने ठरवा. त्यांचे स्कॅन गटावर टाकू नका. पत्रं छापायची असतील तर लेखकाच्या वारसांना विचारा, कारण लिहिणाऱ्याच्या पश्चात हक्क त्यांच्याकडे असतो.

संघटनेकडे खोलीच नसेल तर दप्तर एखाद्या संस्थेकडे सोपवण्याची बोलणी करा. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, जळगावात विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. यादी घेऊन जा, रिकाम्या हाताने नको. करारात दोन गोष्टी लिहून घ्या : दप्तर फोडून वाटलं जाणार नाही आणि सभासदांना पाहता येईल. जुन्या घरांच्या पेट्यांत मोडी कागदही निघतात. वाचता येत नाहीत म्हणून ते बाजूला काढू नका, त्याच रुमालात राहू द्या आणि शेऱ्यात ‘मोडी’ एवढं लिहा.

दप्तर बघायला कुणी आलं की एका वेळी एक रुमाल द्या. नाव, तारीख, रुमाल क्रमांक वहीत. कागद झेरॉक्ससाठी काढला तर त्या जागी रंगीत चिठ्ठी ठेवा, कुणी नेला आणि केव्हा ते लिहून. संध्याकाळी कागद परत आला की चिठ्ठी काढा, जुनी पुठ्ठ्याची पट्टी पुन्हा वर खोचा आणि रुमाल बांधा. निरगाठ नको, सुरगाठ मारा.